अंबरपेठच्या टाकीची भूक

मी एक जुनी गोबरगॅसची टाकी आहे. हैदराबादेत, अंबरपेठेत, पार्वतीबाईंच्या परसात मी अर्धी जमिनीत राहते. माझ्या विटा त्यांच्या यजमानांनी, तातेरावांनी स्वतः रचल्या. नोकरीसाठी ते नांदेडहून आले होते, पण दारात म्हशी नसतील तर त्यांना घर घर वाटत नसे.

मित्रांनो, तेव्हा इथे काही वाया जात नव्हतं. शेण आणि तांदूळ धुतलेलं पाणी माझ्या पोटात यायचं. गॅस भरला की माझी लोखंडी टोपी वर उचलली जायची, चूल पेटायची. बाहेर पडणारं पातळ खत वांग्यांना, भाजीची देठं म्हशींना. वैशाखी पौर्णिमेची खीर माझ्याच आचेवर व्हायची. "शेणाची खीर कशी लागते हो?" असं म्हणत शेजारणी वाटी पुढे करायच्या.

पुढे तातेराव गेले, म्हशी विकल्या. मी सालींवर आणि शिळ्या भातावर जगू लागले. एकदा वास येतो म्हणून सुनेनं, गीतानं माझ्या तोंडात बादलीभर फिनाईल ओतलं. तिला स्वच्छताच करायची होती. पण अन्न कुजवून गॅस करणारे माझ्या पोटातले बारीक जीव मेले. टोपी खाली बसली.

"आई, सिलिंडर आहे ना, कायकू परेशान होतेस?" मुलगा अनिरुद्ध म्हणाला. "रविवारी मलबा टाकून बुजवतो. गाडीला जागा होईल."

"पोट बिघडलंय तिचं. तुझं बिघडायचं तेव्हा तुला पुरलं का रे आम्ही?"

पार्वतीबाई ऑटोनं मुशी नदीकाठच्या तबेल्यात गेल्या आणि रंगाच्या डब्यातून ताजं शेण घेऊन आल्या; त्यातले नवे जीव त्यांनी माझ्या पोटात सोडले. ऑटोवाला वाटभर नाक धरून होता म्हणे. रविवारी मलबा आला, माझ्या कडेला पडून राहिला. त्या रोज संध्याकाळी माझ्या टोपीवर हात ठेवून बसायच्या. दुसरं कुणी फिरकत नसे.

एके सकाळी टोपी बोटभर वर आली. अनिरुद्धनं चुलीशी काडी ओढली. निळी ज्योत लागली.

"चहापुरती आहे बस," तो म्हणाला. पण मलबा त्यानं गल्लीतल्या खड्ड्यात टाकला.

आता सगळे कामावर गेले की पार्वतीबाई त्या आचेवर एकटीपुरता चहा करतात. शेणाचा डबा आता त्यांना दोन्ही हातांनी उचलावा लागतो. त्यांच्यानंतर मला कोण भरवेल, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी येत जा. मूठभर साली, तांब्याभर पाणी पुरे. फिनाईल मात्र नको.