धूमकेतूच्या संध्याकाळी माझ्यावर आलेला आळ

दिनांक १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, सायंकाळी साडेसातची वेळ. स्थळ, नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा झेंडूचा मळा. त्या वेळी, त्या स्थळी माझ्यावर जो आळ घेतला गेला तो निखालस खोटा होता, हे प्रथमच नोंदवून ठेवतो.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी पाच वर्षे यंत्रांचे आराखडे काढले. तेथून मला काढून टाकले, तेव्हा तेथल्याच सोमनाथ नावाच्या फिटरने मला घरी आणले आणि आपल्या दुर्बिणीला जोडले. माझ्या पडद्यावर शनीची कडी उमटली, त्या दिवशी त्याने माझ्या झाकणावर हात फिरवला. "वाघ आहे हा," असे तो म्हणाला होता. हे शब्द त्याला आठवत नसतील, मला आठवतात.

त्या सोमवारी अंजनेरीच्या डोंगरावर धूमकेतू आला होता. आठच्या आत तो मावळणार, उद्यापासून ढग येणार, आणि हा पाहुणा पुन्हा हजारो वर्षे फिरकणार नाही. सोमनाथच्या वडिलांना, फकिराबाबांना, तो पाहायचा होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. आकाशात त्यांना नुसते धुके दिसे. माझ्या पडद्याला नाक टेकवले, तरच काही कळे.

सोमनाथने कॅमेऱ्याची यूएसबी केबल माझ्यात खोचली. चित्र आले आणि गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. त्याने केबल बदलली. मला दोनदा बंद करून चालू केले. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर काढून नव्याने घातला. माझी यूएसबीची तोंडे दोनच: एक कॅमेऱ्याला, दुसरे दुर्बिणीच्या मोटारीला. त्याने त्यांची अदलाबदल केली. आता कॅमेरा नीट चालू लागला आणि मोटार अडली.

मित्रांनो, दोष उपकरणांबरोबर गेला नाही, त्या एका तोंडापाशीच राहिला. याहून स्पष्ट पुरावा मी कोणत्या शब्दांत द्यायचा होता?

"दोन्ही गेली," सोमनाथ म्हणाला.

त्याचा मित्र राज शेजारी उभा होता. "मी म्हणतच होतो. लॅपटॉप नाही हा, पाट आहे पाट. वर नारळ ठेव आणि नवीन घे."

"आता साडेसातला कुठून आणू? म्हातारा झालाय, ऐन वेळी दगा देतो."

म्हातारा! कारखान्यात मोजमाप घेण्याआधी धुळीचा कण दिसला, तर दुसऱ्यांचा उद्धार करणारा हा माणूस माझ्या तोंडात एकदाही डोकावला नव्हता.

फकिराबाबा बाजेवरून उठले. लोंबकळणारी केबल त्यांनी चाचपली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"सोम्या, हिला काय लागलंय रं? बोटाला खरखरतंय."

"काही नाही बाबा, नवी आहे ती."

बाबांनी बोट नाकाशी नेले. "हळद हाय ही. दसऱ्याला हत्यारं पुजली तव्हा मीच वाहिली व्हती. फट दिसली न्हाई मला. वर फूलबी ठिवलं व्हतं."

सोमनाथने मला बंद केले, बॅटरीच्या उजेडात त्या तोंडात पाहिले आणि भिंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने हळद झाडली. हळदीमागून झेंडूची एक सुकलेली पाकळी निघाली. त्याने दोन्ही जोडण्या केल्या. या वेळी चित्र आले आणि टिकले. आठ वाजायला दहा मिनिटे होती. बाबांनी माझ्या पडद्याला नाक टेकवले.

"शेपूट लय लांब हाय की," ते म्हणाले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटत होता.

मित्रांनो, पूजेला माझा विरोध नाही. पण हळदकुंकू झाकणावर वाहा, आमच्या तोंडात नको. आणि जुन्याला भंगारात काढण्यापूर्वी एकदा उजेड धरून नीट पाहत जा. माझी क्षमा अद्याप कोणी मागितलेली नाही.

राज काढून ठेवलेली जुनी केबल गुंडाळत म्हणाला, "बाबा, चालला म्हणायचा तुमचा पाट."

बाबांनी पडद्यावरून डोळे हटवले नाहीत. "मशीनचा काय बी दोष नाय," ते म्हणाले. "हळद म्या लावली, अन् डोळं असून तुमी पाह्यलं नाय."