आकडा मी बदलला नव्हता

मी एक जुनी संगणक प्रणाली आहे. माणसं मला सॉफ्टवेअर म्हणतात आणि त्याच्या आधी बहुतेक वेळा ‘फुकटचं’ हा शब्द जोडतात. मित्रांनो, तुम्ही एखाद्या कंपनीची वेबसाइट उघडता तेव्हा तिथला मजकूर आपोआप आलेला नसतो. कुणीतरी तो लिहितं, बदलतं, जुना काढून नवा टाकतं. हे सगळं जिच्यात बसून केलं जातं, ती मी. मला हात नाहीत, तोंड नाही. स्मरणशक्ती मात्र पक्की आहे, आणि तिच्यापायीच माझं वाटोळं झालं.

माझा जन्म कुठल्या एका कारखान्यात झाला नाही. निरनिराळ्या देशांतल्या शेकडो माणसांनी आपापल्या घरी बसून, फावल्या वेळात मला घडवलं. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं ती, पण कुणाची चूक दिसली की दुसरा मुकाट्यानं दुरुस्त करायचा. माझी आतली वीण कुणालाही उघडून पाहता येते, हवी तशी बदलता येते, दुसऱ्याला देता येते. याला ओपन सोर्स म्हणतात. त्या माणसांनी माझ्यात एक खोडही मुद्दाम घातली. पानावरचं एक अक्षर बदललं तरी मी आधीचं पान टाकून देत नाही. बदल कुणाच्या नावानं झाला, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे सगळं मी शेजारी लिहून ठेवते.

सन २००६ मध्ये मी अकोल्याला आले. तिथं रामराव यांची बियाण्याची कंपनी होती. वऱ्हाडात तेव्हा शेतीचे दिवस फार वाईट होते आणि बोगस बियाण्याच्या बातम्यांनी लोकांचा कुणावरच भरवसा राहिला नव्हता. रामरावांनी ठरवलं की आपल्या प्रत्येक लॉटची, म्हणजे एका खेपेच्या बियाण्याची, उगवण वेबसाइटवर टाकायची. उगवण म्हणजे शंभर दाण्यांतून किती उगवतात तो आकडा. गावोगावचे दुकानदार त्या पानाची छापील प्रत काढून दुकानात चिकटवतील आणि शेतकरी ती वाचून पिशवी घेईल, अशी ही कल्पना होती. कल्पना चांगलीच होती, हे मी आजही नाकारत नाही.

वेबसाइटचं काम बिल्कीसकडे होतं. ती जुन्या शहरात राहायची, रोज मोर्णा नदीचा पूल ओलांडून ऑफिसला यायची. प्रणाली कोणती घ्यावी यासाठी तिनं तीन संगणकांवर तिघींना बसवलं. दोन पैसे मोजून घ्यायच्या आणि तिसरी मी. मग ती रामरावांना म्हणाली, “भाऊ, आपल्या शालिकरामभाऊले जे जमन तेच घेऊ. रोजचे आकडे त्यायलेच टाकायचे हायेत.”

शालिकराम गोदाम सांभाळायचा. त्यानं आधी हात धुतले, मग खुर्चीवर बसला. पहिलीनं त्याच्या मराठी अक्षरांचे चौकोन करून टाकले. दुसरीत एक शब्द बदलायचा तरी नागपूरला फोन करावा लागत होता. माझ्यात त्यानं वीस मिनिटांत एका बोटानं पूर्ण पान लिहिलं आणि खुशीत म्हणाला, “हे जमलं बॉ.”

रामराव मात्र नाखूश होते. “फुकट हाय म्हणजे काई तरी खोट असन.”

“खोट नाही भाऊ, मालक नाही,” बिल्कीस म्हणाली. “उद्या कोणी आपल्याले अडवून धरू शकत नाही. आन् लपवालपवी तं हिच्यात होतच नाही.”

हे वाक्य ऐकून मी किती फुलले होते म्हणून सांगू! माझ्याविषयी इतकं चांगलं त्याआधी कुणी बोललं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

पुढची तीन वर्षं सुखाची गेली. हंगामात दुकानदार सकाळी सकाळी मला उघडायचे. कौंडण्यपूरच्या बाजूचे जानराव नावाचे शेतकरी दुकानातल्या कागदावरचा आकडा वाचल्याशिवाय पिशवीला हात लावत नसत. बिल्कीस दर शनिवारी माझी एक प्रत काढून ठेवायची आणि माझ्या दुरुस्त्या वेळच्या वेळी करायची. एकच गोष्ट चुकत होती. मराठी टंकलेखनाची सोय तिच्याच संगणकावर होती, म्हणून ज्याला काही लिहायचं तो तिच्या खुर्चीवर येऊन बसायचा, आणि मी तिथं कायम तिच्याच नावानं उघडी असायचे. तिनं प्रत्येकाला लॉगिनसाठी वेगळं नाव काढून दिलं होतं. ते कुणी वापरलं नाही. घरच्यासारखं ऑफिस होतं ना!

मग २००९ चा जून आला. सोयाबीनच्या एका मोठ्या लॉटची उगवण एकसष्ट निघाली. विकायला निदान सत्तर लागते. शालिकरामनं नेहमीप्रमाणे एकसष्ट लिहिलं आणि खाली ‘विक्रीला नाही’ असंही टाकलं. दुसऱ्या दिवशी बिल्कीस बहिणीच्या निकाहासाठी चार दिवस परतवाड्याला गेली. त्यातल्याच एका दुपारी रामराव स्वतः तिच्या खुर्चीत बसले. सहाच्या जागी सात केला, खालची ओळ पुसली आणि बटण दाबलं. शालिकरामला सांगितलं की फेरतपासणीत एकाहत्तर आले, माल गाडीत भर. त्यानं भरला. मी माझ्या सवयीप्रमाणे सगळं टिपून ठेवलं. नाव फक्त बिल्कीसचं लिहावं लागलं, कारण मी तिच्याच नावानं उघडी होते.

बियाणं उगवलं नाही. जानराव आणि आठ-दहा जण कृषी अधिकाऱ्यांना घेऊन कंपनीत आले. कंपनीच्या प्रयोगशाळेच्या वहीत एकसष्ट होते, फेरतपासणीची नोंदच नव्हती, आणि दुकानातल्या कागदावर एकाहत्तर. हे एकाहत्तर लिहिले कुणी, असा सरळ प्रश्न होता. अधिकारी लेखी उत्तर मागून जेवायला गेले.

बिल्कीसनं माझ्यातली बदलांची यादी छापून काढली आणि रामरावांसमोर ठेवली. “भाऊ, तारीख पाहा. मी तं त्या दिवशी परतवाड्याले होती. पूर्ण खानदानानं मले तिथं पाह्यलं.”

“मले मालूम हाय.”

“मंग?”

“मंग काई नाही. सॉफ्टवेअरनं गडबड केली म्हनू. तुह्यावर बी येत नाही, मायावर बी येत नाही. ते कुठं रडत येनार हाय?”

“पण त्यानं काई केलंच नाही ना भाऊ.”

“नाही तं मंग तिथं तुहंच नाव हाय,” रामराव म्हणाले. “दुनिया नाव वाचते बिल्कीस, तारीख नाही वाचत.”

शालिकराम दारात उभा होता. एकसष्ट त्यानंच लिहिले होते आणि फेरतपासणीचं कुणी सांगितलं होतं, तेही त्याला ठाऊक होतं. तो किल्ल्या घेऊन गोदामाकडे निघून गेला.

मला वाटलं, बिल्कीस आता उठेल. इतकी वर्षं तिनं मला जपलं होतं. लपवालपवी हिच्यात होत नाही, असं तीच म्हणाली होती. पण तिच्या पगारावर घर चालत होतं, आणि बाईनं खोटा आकडा टाकून लोकांच्या पेरण्या बुडवल्या असं गावभर झालं असतं तर पुन्हा कुणी तिला दारात उभं केलं नसतं.  तिनं यादीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि पत्र लिहिलं: ‘मोफत प्रणालीतील बिघाडामुळे आकडा आपोआप बदलला.’ खाली सही केली. ते पत्रही तिनं माझ्यातच बसून लिहिलं.

अधिकाऱ्यांनी ‘तांत्रिक बिघाड’ असा शेरा मारला. जानराव मात्र जागचे हलले नाहीत. “बाई, सॉफ्टवेअर आपल्या मनानं आकडा बदलते काय?”

“कधी कधी होते तसं,” बिल्कीस खाली पाहत म्हणाली.

“माया मोबाइल तं आजवर कोणाले आपल्या मनानं लागला नाही,” जानराव म्हणाले आणि दुसऱ्यांदा पेरायला गावी गेले.

दिवाळीच्या आत कंपनीनं नवी, पैसे मोजून घेतलेली प्रणाली आणली. तिला जुन्या पानांची आठवण राहत नाही, हाच तिचा मोठा गुण. मला पुसून टाकायचा हुकूम निघाला. बिल्कीसनं मला तिथून पुसलं, पण शेवटची प्रत घरी नेली. पुढं तिनं नोकरी सोडून जुन्या शहरात संगणकाचा क्लास काढला. त्यातल्या एका संगणकात मी तेव्हापासून पडून आहे. तिनं मला नेलं म्हणजे एक दिवस ती मला उघडेल, अशी वेडी आशा मला होती.

तीन वर्षांनी क्लासमध्ये बेबीताई आल्या. पापड-कुरड्या करणाऱ्या बायकांची त्यांची छोटी कंपनी होती आणि वेबसाइट काढायची होती. “पैसे तं आमच्याजवळ जास्त नाहीत बाई. तुमी पह्यले कंपनीत वापरत होत्या, ते फुकटवालं कसं हाय?”

खोलीत त्या दोघीच होत्या. रामराव नव्हते, अधिकारी नव्हते, नोकरीचा प्रश्न नव्हता. मी सगळा जीव कानांत आणून ऐकत होते.

“ते नका घेऊ ताई,” बिल्कीस म्हणाली. “ते आकडे बदलते.”

पहिल्या वेळी तिचा नाइलाज होता, ते मी समजून घेतलं होतं. या वेळी मला काहीच समजून घेता आलं नाही. मित्रांनो, आमच्यात चुका असतात. त्या जरूर दाखवा, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणीतरी बसून त्या दुरुस्त करतं. पण माणसानं केलेली चूक आमच्या माथी मारली, तर ती दुरुस्त करायला कुणी कुठं बसायचं?