हिरवं पिल्लू

बडबडकाकांनी जन्मभर दोनच गोष्टी मनापासून केल्या. लहान मुलांसाठी कविता लिहिल्या आणि वहिनींना घाबरून राहिले.

बडबडकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्यांच्या बडबडगीतांवर दोन पिढ्या बोलायला शिकल्या आणि खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, काकांनी लग्नाच्या भानगडीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. घर एकच. वरच्या खोलीत काका शब्द जुळवत बसायचे, खालच्या खोलीत खिडकीपाशी वहिनी चित्रं रंगवायच्या, आणि पुस्तकावर दोघांचं नाव यायचं.

एकमेकांच्या कामाबद्दल खोटं बोलायचं नाही, एवढा एक नेम दोघांनी न ठरवता पाळला होता. "भावजी, ही ओळ तुम्हाला आवडलीय, पोरांना नाही आवडायची," असं वहिनी म्हणाल्या की काका तणतणत जिना चढायचे आणि नवी ओळ घेऊनच खाली यायचे. काकाही कमी नव्हते. तुमचा कावळा कोंबडीच्या वळणावर गेलाय, हे ते तोंडावर सांगायचे. वहिनी गाल फुगवून बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी कावळा परत कावळ्यासारखा दिसायचा.

तर यंदाचं पुस्तक होतं बदकाच्या पिल्लाचं. पिल्लाला शहर बघायचं असतं म्हणून ते बसच्या रांगेत जाऊन उभं राहतं. 'पिवळं पिल्लू, घाई फार, बसच्या रांगेत नंबर चार,' अशी सुरुवात. वहिनींना ती एका फटक्यात पसंत पडली, आणि असं फार क्वचित व्हायचं. त्यांनी दोन महिने दार लोटून घेऊन चित्रं काढली आणि एका सकाळी सगळा गठ्ठा काकांच्या पुढ्यात ठेवला.

पिल्लू हिरवं होतं.

काकांना आधी वाटलं, वहिनींनी थट्टा केलीय. त्यांनी दुसरं चित्र उचललं, तिसरं उचललं. पिल्लू हिरवंगार, बसचे दिवे हिरवे, फळवाल्याच्या गाडीवरची केळीसुद्धा हिरवी. केळी एक वेळ कच्ची म्हणून खपली असती. रेषा मात्र नेहमीसारखी, नजर लागावी अशी. हल्ली वहिनी दूध उतू गेलेलं बघायच्या आधी वासावरून ओळखायच्या, दोन वेगळे मोजे घालायच्या, चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं म्हणायच्या. ते सगळं काकांपुढे एकदम एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"कसं झालंय?" वहिनींनी विचारलं. "पिवळा जरा जास्त भडक तर नाही ना वाटत?"

"फक्कड," काका म्हणाले.

झालं! तोंडातून शब्द निघून गेला आणि नेम मोडला. काकांनी मनाची समजूत घातली, की आत्ताच कशाला बिचारीचा जीव टांगणीला लावा, पुस्तक निघू दे, मग सावकाश डॉक्टरांकडे नेऊ. खरं सांगायचं तर भीती वहिनींच्या डोळ्यांची होती तितकीच स्वतःचीही होती. वहिनींचा कुंचला थांबला तर बडबडकाकांना विचारतो कोण? चित्रांवाचून त्यांच्या ओळी म्हणजे नुसती बडबडच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वर जाऊन त्यांनी 'पिवळं' खोडलं आणि 'हिरवं' लिहिलं. मात्रेला धक्कासुद्धा लागला नाही. इतक्या सहज काम झालं याचीच त्यांना धास्ती वाटली. मग पिल्लू हिरवं का, असं पोरं विचारणारच, म्हणून एक नवं कडवं घातलं. 'हिरवं कसं रे, विचारी बस. आई म्हणाली, तू गप्प बस.' छपाईआधीची तपासणी त्यांनी एकट्याने केली. वहिनींना कविता तोंडपाठ होती, म्हणजे जुनी. बारीक अक्षर वाचायच्या फंदात त्या पडेनाशा झाल्या होत्या.

पुस्तक निघालं आणि काकांची झोप उडाली. लोकांना ते भलतंच आवडलं. या वयात केवढी धिटाई, बदकाचं पिल्लू चक्क हिरवं, असं जो तो म्हणायला लागला. फोन वाजला की काका जिन्यावरून धडपडत खाली यायचे, वहिनींचा हात पोहोचायच्या आत. शेजारीण पुस्तकाबद्दल बोलायला आली तर तिला दारातच अडवून तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. मध्ये एकदा वहिनींनीच डॉक्टरांचा विषय काढला. काका म्हणाले, जाऊ की, एवढी काय घाई आहे. त्या रात्री त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी सकाळी ते मूग गिळून गप्पच.

मग वाचनालयाने दोघांना बोलावलं. मुलांसमोर कवितावाचन, आणि वहिनींनी यायलाच हवं असा आग्रह. काकांनी वाटेत सगळा बेत रचला. वहिनींना मागच्या रांगेत बसवायचं आणि रंगाचा शब्दच गाळायचा. 'छोटं पिल्लू, घाई फार.' मात्रा बरोबर बसत होती, कुणाला कळणारही नव्हतं.

ग्रंथपाल बाईंनी वहिनींना हाताला धरून थेट पुढे आणलं आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक. काकांनी घसा खाकरला.

"छोटं पिल्लू, घाई फार..."

"चूक!" पुढची एक दात पडलेली मुलगी म्हणाली. "हिरवं पिल्लू!"

सगळी पोरं हसली. एवढी वर्षं पोरांसाठी लिहून काका नेमकं हेच विसरले होते, की पाठ झालेल्या कवितेतला एक शब्द हलवलात तर मोठी माणसं सोडतील, पोरं सोडत नाहीत. ते ततपप करायला लागले. तोवर ती मुलगी उठली आणि पुस्तक वहिनींच्या मांडीवर ठेवून पिल्लावर बोट टेकवून उभी राहिली. तुम्हीच काढलंय ना, मग सांगा त्यांना, म्हणाली.

वहिनींनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. खिडकीकडे धरलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. त्यांना अजूनही ते पिवळंच दिसत होतं, हे काकांना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"हा रंग कोणता रे?" त्यांनी सगळ्या पोरांना विचारलं.

"हिरवा!"

"आणि ही केळी?"

"हिरवी!"

वहिनी एकेक पान उलटत गेल्या. दिवा कोणता, छत्री कोणती, कंडक्टरची टोपी कोणती. पोरांना वाटलं खेळच आहे, ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एखाद्या रंगाला वहिनी हलकेच मान हलवायच्या, एखाद्याला नुसत्याच थांबायच्या. ग्रंथपाल बाई कौतुकाने टाळ्या वाजवत होत्या. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

शेवटचं पान झाल्यावर वहिनी त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पोरांना ऐकूही गेला नसता.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं?"

काकांनी मान डोलावली. मग, त्यांना ते नीट दिसलं नसेल म्हणून, "हो," असं तोंडाने म्हणाले.

"डोळ्यांचं काय व्हायचं ते होईल, भावजी. मी रडले असते आणि मग डबीतला एकेक रंग तुम्हाला विचारून चित्रं काढली असती. कितीही वर्षं काढली असती." त्यांनी पुस्तक मिटलं. "आता तुम्ही सांगितलेला रंग मी खरा कसा मानू?"

पोरं चुळबुळ करायला लागली होती, अजून अजून म्हणत होती. वहिनींनी टेबलावरचं दुसरं पुस्तक चाचपून घेतलं, पहिलं पान उघडलं आणि त्या दात पडलेल्या मुलीला जवळ ओढून घेतलं.

"ये बाई," त्या म्हणाल्या. "यात काय काय आहे, ते तू सांग मला."