पोच मागायची राहिली

मित्रांनो, मी एक जुना आवक शिक्का आहे. गोल, लाकडी मुठीचा आणि जरा तापट. मिरजगावच्या बाजूला एका सरकारी आरोग्य कचेरीत, टेबलावर माझा मुक्काम. नगरच्या शिक्केवाल्याने मला घडवलं, तेव्हा माझी अक्षरं इतकी ठसठशीत होती की मोठे साहेबसुद्धा म्हणाले, "वा! याला म्हणतात शिक्का."

कचेरीत आलेल्या कागदावर मी तारखेसकट उमटायचो. माणसाच्या हातातल्या प्रतीवरही उमटायचो. तिला पोच म्हणतात. कागद कचेरीला मिळाला, याचा तेवढाच पुरावा. पण माझी कदर कुणाला? काम झालं की शाईच्या डबीवर उपडा टाकून द्यायचे. अंगावरची धूळसुद्धा कधी पुसली नाही मेल्यांनी!

आरती आमच्याकडची सरकारी नर्स. तिचा नवरा वैजनाथ टेम्पो चालवायचा. टेम्पो उलटला, त्याचा पाय गेला आणि कमाई थांबली. म्हणून आरती बिनपगारी रजा मंजूर करून घेऊन मस्कतच्या दवाखान्यात कामाला गेली. इथली नोकरी तिने सोडली नाही, कारण म्हातारपणीची पेन्शन तिला गमवायची नव्हती. तीन वर्षांनी रजा वाढवायची वेळ आली, तेव्हा तिने तिकडून अर्ज पाठवला.

तो घेऊन वैजनाथ कुबडी टेकत आला. टेबलावर कारकून होता कानिफनाथ, आरतीचा चुलत भाऊ. वैजनाथ चाचरत म्हणाला, "पोच घेतल्याबिगर हलू नका म्हनलीय ती."

"दाजी, माझ्याकडनं पोच? मी काय परका हाय व्हय? सायेब आलं की मी सोता देतो त्यांच्या हातात. चला, च्या घेऊ."

झालं! दाजी लाजले. हातातली प्रत घडी करून खिशात घातली. मी अगदी हाताशी पडलेलो होतो हो! पण शिक्क्याला कुठे तोंड असतं?

कानिफनाथच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. अर्ज त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवला. साहेब यायच्या आत त्याचीच अकोल्याला बदली झाली आणि टेबल आवरताना तो कागद रद्दीत गेला.

आरती दोन वर्षांनी परतली, कामावर रुजूही झाली. मधली दोन वर्षं 'नंतर बघू' म्हणून तशीच राहिली. ती यंदा निवृत्त झाली, तेव्हा कुठे ते बघितलं गेलं. रजा वाढवल्याची नोंद नाही, म्हणजे ती न सांगता गैरहजर, असं वरून लिहून आलं. सेवेत खंड पडला. त्याआधीची सगळी नोकरी बाद, आणि नंतरची पेन्शनला पुरेना.

आता टेबलावर रुपाली बसते. आरतीने ती जुनी प्रत तिच्यापुढे ठेवली. रुपाली हळूच म्हणाली, "ताई, यावर शिक्का नाही हो." कानिफनाथला फोन लावला, तर तो रडायलाच लागला. "आक्का, आन घेतो, अर्ज आल्ता!" पण आणाभाकांवर कुठे पेन्शन मिळते?

सोबत आलेल्या वैजनाथने मला उचलून रुपालीपुढे धरलं. "तारीख फिरवून मारा की ताई. तुमच्या पाया पडतो."

"दादा, माझी नोकरी जाईल."

"ठेवा तो खाली," आरती म्हणाली. "त्या पोरीला कशाला अडकवता?" मग तिने रुपालीला विचारलं, "कुठं खासगी दवाखान्यात रात्रपाळीला बाई लागती का गं?"

मित्रांनो, माझी अक्षरं आता झिजली. थोड्या दिवसांत मलाही फेकतील. पण तेवढं माझं ऐका. समोर सख्खा भाऊ बसलेला असला तरी पोच मागा. तो रुसेल, रुसू दे! वैजनाथला घटकाभराची लाज वाटली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची बायको काम शोधत फिरते आहे.