जिन्याखालची खोली

सातवीत आल्यापासून चिऊला गणितापेक्षा जेवणाच्या सुट्टीची धास्ती वाटायची. डबा घेऊन बसायचं कुठे? सहावीपर्यंत तिच्या तीन मैत्रिणी होत्या. नवं वर्ष सुरू झालं आणि त्यांनी बाकावर सरकून जागा करणं बंद केलं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

मग तिला जिन्याखालची खेळाची खोली सापडली. गाद्यांच्या ढिगामागे बसून ती रोज तिथेच डबा खायची. घरी आईने विचारलं, की सांगायची, "मैत्रिणींबरोबर खाल्ला."

त्या शुक्रवारी शेवटचा तास खेळाचा होता. सर म्हणाले, "जोड्या करा." उरणार कोण, हे चिऊला माहीत होतं. पाणी प्यायच्या निमित्ताने ती सटकली आणि गाद्यांमागे जाऊन बसली.

तास संपला. कुणीतरी दारातून चेंडू आत भिरकावले, दार ओढलं. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

ओरडणार तोच ओळखीचे आवाज कानावर पडले. त्याच तिघी मैत्रिणी दाराबाहेर बूट घालत होत्या.

"चिऊ कुठे गेली गं?"

"असेल कुठेतरी. तिचं काय एवढं!"

चिऊने तोंडावर हात दाबला. त्यांच्यासमोर या खोलीतून बाहेर पडायचं? त्यापेक्षा थोडं थांबू, त्या गेल्या की हाक मारू.

त्या गेल्या, पण त्यांच्यामागोमाग सगळी शाळाच गेली. तिने हाक मारली. मग दारावर थापा मारल्या, मग लाथा. कुणी येईना. आता दोन दिवस शाळा बंद. शुक्रवारी ती बहुतेक वेळा मावशीकडे राहायला जायची, पण सांगून जायची पद्धत नव्हती. आईला वाटेल ती मावशीकडे आहे, मावशीला वाटेल ती घरी आहे. सोमवारपर्यंत कुणी शोधणारच नाही. भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटू लागल्या. ती आईला हाका मारत रडू लागली, अगदी लहान मुलीसारखी.

"कोण आहे आत?"

वर्गशिक्षिका होत्या. मुलं त्यांना पाठीमागे घड्याळबाई म्हणत, इतक्या त्या वेळेच्या आणि शिस्तीच्या पक्क्या. आज त्यांचा आवाज कापत होता.

"बाई, मी!"

"अगं बाई! तुझं दप्तर बाकावरच राहिलंय. मी अख्खी शाळा पालथी घातली. गच्चीवरसुद्धा जाऊन आले." गच्चीवर त्या कशाच्या भीतीने गेल्या असतील, हे चिऊच्या लक्षात आलं.

किल्ली सरांबरोबर गेली होती. शिपाईमामा कुलूप तोडायला पहार आणायला धावले. बाई दाराला टेकून जमिनीवरच बसल्या.

"मी इथेच आहे हं. लागलं का कुठे?"

"नाही."

"मग आत काय करत होतीस?"

मध्ये दार होतं, म्हणून चिऊला बोलता आलं. डबा, बाक, जोड्या, सगळं हुंदक्यांतून बाहेर पडलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"रोज माझ्या डोळ्यांसमोर असतेस," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मला दिसलं नाही."

"आईला सांगू नका ना, बाई."

"सांगावं लागेल, बाळा. पण आपण दोघी मिळून सांगू."

कुलूप तुटलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, तेव्हा त्यांचे हात चिऊच्या हातांपेक्षा गार होते.

आईने ऐकलं आणि ती रागावलीच नाही. नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं चिऊला रागावण्यापेक्षा जड गेलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी वर्गाचं दार उघडं ठेवलं. "ज्याला बाहेर जायचं नसेल त्याने इथे बसावं." कुणीच थांबलं नाही तर? पण मागच्या बाकावरची, कधीच न बोलणारी एक उंच मुलगी जागची हलली नाही. थोड्या वेळाने ती डबा घेऊन चिऊजवळ आली.

"सरकतेस का जरा?"

चिऊ पटकन सरकली.