बापाची बत्तीस बदकं

अकरा नोव्हेंबर, १९४०. मागचं महायुद्ध थांबल्याची सुट्टी म्हणून अमेरिकेतल्या विनोना गावातली गिरणी बंद होती. सकाळी हवा इतकी उबदार की रोमान येरेचेक आणि त्याचा मेव्हणा आल्बिन पातळ जाकिटांवरच होडीत बसले. निघताना क्लाराने नवऱ्याला बजावलं, "संध्याकाळी माझ्या भावाला जेवायला आणून बसव. बदकं नाही मिळाली तरी चालतील."

"ऐकलंस? ताईला वाटतं तू अजून दूधच पितोस."

"दाजी, तुम्ही वल्ही मारा. गेल्या रविवारी नेम कुणाचे हुकले ते सांगू का तिला?"

मिसिसिपीच्या मधल्या बेटावर, वाळुंजाच्या झुडपांत दोघं दबा धरून बसले. समोरच्या पाण्यात रोमानने बापाने कोरलेली बत्तीस लाकडी बदकं दोरीला वजन बांधून सोडली. त्यांना पाहून उडती बदकं फसतात, खाली उतरतात. म्हातारा जन्मभर दुसऱ्यांचं लाकूड कापत मेला. मागे ठेवलं ते एवढंच.

दहाच्या सुमारास बदकं आली. थवे कसले, आभाळच खाली आलं. डोक्याला घासून जात होती, बंदुकीच्या आवाजालाही भीत नव्हती. एवढी पाखरं जीव घेऊन कशापासून पळताहेत, हे त्या दिवशी नदीवरच्या शेकडो शिकाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारलं. बाकीच्यांना वाटलं, नशीब उघडलं.

"दाजी, पश्चिमेला काळं झालंय. निघू या."

"वेडा आहेस का? असा दिवस जन्मात एकदा येतो. रेडिओवाला म्हणाला, थोडा गारवा पडेल. गारव्याला घाबरतोस? काडतुसं भर."

दुपारी पाऊस आला. मग पावसाचे खडे झाले, खड्यांचा बर्फ झाला आणि वारा असा सुटला की झुडपं जमिनीला टेकली. आता रोमानही उठला. पण उठून म्हणाला काय?

"आधी बदकं गोळा कर."

"मरू देत ती बदकं!"

"माझ्या बापाची आहेत. जा."

आल्बिन होडी घेऊन गेला. एकेक दोरी ओढून त्याने बदकं गळ्यात अडकवली. शेवटचं उचललं आणि लाटेने होडी उलटवली. छातीभर पाण्यातून तो चालत आला. होडी वाहून गेली होती.

"सगळी आहेत," दात वाजवत तो म्हणाला. "मोजून घ्या."

त्याचं जाकीट पत्र्यासारखं कडक झालं. रोमानच्या तंबाखूच्या डबीत काड्या कोरड्या होत्या, पण ओलं वाळुंज पेटेना.

"दाजी, बदकं आहेत ना. आतून सुकं देवदार, वरून तेलाचा रंग. भकाभक पेटतील."

"थांब जरा. कुणीतरी होडी घेऊन येईलच."

कुणी आलं नाही. येणार कोण? जो तो आपापल्या बेटावर गारठत होता. रोमानने मेव्हण्याला गुद्दे मारले, गोल गोल पळवलं, शिव्या दिल्या, पण बदकांना हात लावला नाही. असा एक तास गेला. त्या तासाला खून म्हणतात. दुसरं नाव मला ठाऊक नाही.

आल्बिनची जीभ जड झाली, तेव्हा रोमानने पहिलं बदक फोडून पेटवलं. मग दुसरं, दहावं, विसावं. अंधार पडेपर्यंत एकतीस संपली. बत्तिसावं हातात घेतलं तेव्हा आल्बिनची थरथर थांबली होती. तो जाकिटाची बटणं चाचपत होता.

"उकडतंय, दाजी."

रोमानला हसू आलं. जिंकलो, असं वाटलं त्याला. गारठून मरणाऱ्याला शेवटी उकडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बत्तिसावं म्हणजे म्हाताऱ्याने कोरलेलं पहिलं, वाकड्या मानेचं. ते त्याने जाकिटात सरकवलं आणि मेव्हण्याला मिठी मारून बसला. निखारे विझले तेव्हा त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली.

सकाळी होडी आली. रोमान एकटाच जिवंत होता.

घरी क्लाराने त्याला चुलीजवळ बसवलं. रडली नाही. भावाला शेजारच्या खोलीत निजवलं होतं. नवऱ्याची बोटं काळी पडलेली, म्हणून तीच त्याच्या जाकिटाची बटणं काढू लागली. तिसरं बटण निघालं आणि वाकड्या मानेचं बदक जमिनीवर पडलं.

क्लाराने ते उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. कुठेही काजळी नव्हती.

"बाकीची कुठायत?"

"जाळली. आल्बिनसाठी."

"आणि हे?"

क्लाराने चुलीचं झाकण काढलं, बदक आत टाकलं आणि ते पूर्ण पेटेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग दिवा घेऊन ती भावाच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

लाकूड खरंच सुकं होतं. चूल तासभर धगधगत होती.