निळा डबा आणि अप्पांचं नाव

"थांबली," स्टेअरिंगवर बसलेला जीपवाला दगडोबा म्हणाला. जीपने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बॉनेटजवळ तारेने बांधलेली लिटरभर डिझेलची बाटली रिकामी झाली होती. मृत्युंजयअप्पांनी वाकून मीटर बघितला. बारा किलोमीटर.

"हे डब्याबिगर झालं," ते म्हणाले. "आता तुमचा डबा लावा, जावईबापू."

औसा रोडवरच्या अप्पांच्या गॅरेजात तीस वर्षं हीच रीत होती. गाडी डिझेल जास्त पिते अशी तक्रार आली की टाकीची नळी काढायची, बाटलीची जोडायची, मागे वाळूची चार पोती टाकायची आणि गाडी औशाच्या रस्त्याला काढायची. बाटली संपेल तिथे गाडी थांबणार, त्यात कुणाची वशिलेबाजी नाही. म्हणूनच लातूरपासून किल्लारीपर्यंतचे जीपवाले जुनी गाडी घेताना आधी अप्पांना विचारत आणि मग बायकोला.

जावई अमरनाथ नांदेडचा. एका संस्थेतली कारकुनी सुटल्यावर त्याने या निळ्या डब्याची एजन्सी घेतली होती. डबा काडेपेटीएवढा, डिझेलच्या नळीवर चिमट्यासारखा बसणारा. आत लोहचुंबक. त्याने म्हणे डिझेलचे कण सुटे होतात आणि पुरते जळतात. यातलं 'म्हणे' तेवढं अप्पांचं, बाकी सगळं अमरनाथ घडाघडा बोलायचा. गाडी बनवणाऱ्यांना एवढे दिवस लोहचुंबक मिळाला नव्हता की काय, हा प्रश्न अप्पांच्या जिभेवर येत होता. पण समोर जावई होता.

आणि जावयाच्या मागे अंबिका होती. आदल्या दिवशीच तिचा फोन आला होता.

"अप्पा, किल्लारीचे जीपवाले तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत. तुमी नुसतं हाव म्हणा. ह्यांच्या हाताला दुसरं कायबी न्हाई आता."

लेकीने आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "बघतो, बाई," एवढंच अप्पा म्हणाले होते.

गॅरेजात परत येऊन त्यांनी बाटली भरली, नळीतली हवा काढली. अमरनाथने डबा बसवला. पुन्हा तोच रस्ता, तीच पोती, तोच दगडोबा. या खेपेला जीप चौदा किलोमीटर गेली.

"बघितलंत?" अमरनाथचा चेहरा उजळला.

"काम करून राहिलाय की डबा," दगडोबा म्हणाला. "अप्पा, स्टँडवर सांगतो मी समद्यांला."

अप्पांना आनंद झाला नाही असं नाही. लेकीचं भलं होतंय म्हटल्यावर कुठल्या बापाला होणार नाही? पण वाटेत त्यांचे डोळे मीटरवर असले तरी कान इंजिनाकडे होते, आणि कानांना काहीतरी खटकलं होतं.

"आणखी एक बाटली," ते म्हणाले.

अमरनाथ खुशीत अंबिकाला फोन लावायला बाहेर गेला. दगडोबा चहा पीत होता. अप्पांनी बॉनेट उघडलं, हवा काढली, बाटली बांधली आणि बॉनेट लावलं. पुन्हा तिघे निघाले. जीप पुन्हा चौदा किलोमीटरवर थांबली.

"आता तरी पटलं?" अमरनाथने विचारलं.

अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून निळा डबा काढून त्याच्या हातावर ठेवला.

त्याने डबा उलटसुलट करून पाहिला. मग अमरनाथ चाचरत म्हणाला, "मग चौदा कसे आले?"

"दगडूच्या पायानं. डबा लावलाय म्हणल्यावर हा गाडी जपून चालवून राहिला. चढाला रेटली न्हाई, गेर येळंवर टाकला. डिझेल त्यानं वाचवलं, जावईबापू. डब्यानं न्हाई."

"अप्पा, हे आपल्यातच राहू द्या."

"मी कुणाच्या दारात सांगाया जात न्हाई. पण कुणी इचारलं तर हेच सांगीन."

जावयासाठी अप्पांच्या बायकोने, शिवम्माने गव्हाची गोड हुग्गी रांधली होती. अमरनाथ पाणीही न पिता नांदेडच्या बसला गेला. जावई उपाशीपोटी दारातून गेला म्हणून शिवम्मा रडली, आणि दोन दिवस ती नवऱ्याशी शब्दही बोलली नाही. अंबिकाचा फोन तर बंदच झाला.

दोन महिन्यांनी दगडोबा ब्रेकच्या कामाला आला. अप्पांनी बॉनेट उचललं तर डिझेलच्या नळीवर निळा डबा. वर चिकटवलेल्या कागदावर छापलं होतं : 'मृत्युंजयअप्पा, लातूर यांनी तपासलेला'.

"तुझ्या डोळ्यांदेखत झालं की रे समदं," अप्पा म्हणाले. "मग कामून घेतलास?"

दगडोबाने मान खाली घातली. "तुमचा जावई दारात आला, अप्पा. न्हाई कसं म्हणावं? बाकीच्यांला मी सांगितलं, डबा खिशात होता म्हणून. कुणी ऐकंना. म्हणले, अप्पा जल्मात खोटं बोलले न्हाईत, त्यांचा जावई खोटं कशाला इकल?"

अप्पा ओट्यावर टेकले. खोटं न बोलता घालवलेली तीस वर्षं त्या बोटभर कागदावर येऊन बसली होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर धरावा ते कळेना. थोड्या वेळाने उठून त्यांनी गॅस्केट खरवडायची पत्ती हातात घेतली.

"डबाच काढून टाका की," दगडोबा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. माझ्या लेकीचं घर चालतंय त्याच्यावर. माझं नाव तेवढं काढतो. स्टँडवर आणखी किती गाड्या हायेत?"

"अकरा."

"एकेक करून लावून दे इकडं."

नाव अर्धं खरवडून झालं होतं तेव्हा फोन वाजला. अंबिका होती. दोन महिन्यांनी तिचा आवाज ऐकून अप्पांचे डोळे भरून आले.

"अप्पा, राग धरू नका माझ्यावर. ह्यांचं चांगलं चाललंय आता. तुमच्याच पुण्याईनं चाललंय. ऐकून राहिलात ना?"

"हाव," अप्पा म्हणाले. फोन खांद्याशी दाबून धरत त्यांनी उरलेली अक्षरं खरवडायला घेतली.